आयनीभूत वायू आणि रेडिओ लहरी : अवकाशातील विलंबाचा हिशेब

ताऱ्यांकडून आणि दूरच्या दीर्घिकांकडून येणाऱ्या रेडिओ लहरी पृथ्वीवर पोहोचण्यापूर्वी आयनीभूत वायूच्या विरळ पसाऱ्यातून प्रवास करतात. या वायूमुळे लहरींना विलंब होतो, त्यांचे स्पंद पसरट होतात, तीव्रता कमी-अधिक होते आणि लहरींच्या कंपनाची दिशाही फिरते. हे परिणाम वजा केल्याशिवाय रेडिओ खगोलशास्त्रातील अनेक निरीक्षणांचा अर्थ लागत नाही. दुसरीकडे, याच परिणामांच्या मोजमापातून ताऱ्यांची अंतरे, आकाशगंगेतील चुंबकीय क्षेत्र आणि दीर्घिकांच्या दरम्यान पसरलेले अदृश्य द्रव्य यांची माहिती मिळते.

२९ जून २०२३ रोजी जगातील अनेक संशोधक गटांनी अत्यंत दीर्घ तरंगलांबीच्या गुरुत्वीय लहरींचा पुरावा मिळाल्याचे जाहीर केले. त्या घोषणेची विश्वासार्हता बऱ्याच अंशी या वायूच्या हिशेबावर अवलंबून होती. त्या हिशेबात पुणे जिल्ह्यातील खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बिणीचाही वाटा होता.

आयनीभूत वायू म्हणजे काय?

अणूपासून एक किंवा अधिक इलेक्ट्रॉन सुटे झाले म्हणजे अणूचे आयनीभवन झाले, असे म्हणतात. धनभारित आयन आणि मुक्त इलेक्ट्रॉन यांच्या अशा मिश्रणाला प्लाझ्मा ही संज्ञा आहे. उष्णतेमुळे होणाऱ्या आयनीभवनाचे गणित भारतीय शास्त्रज्ञ मेघनाद साहा यांनी १९२० मध्ये मांडले. ताऱ्यांच्या दरम्यानच्या अवकाशात मात्र मुख्यतः तप्त ताऱ्यांच्या अतिनील किरणांमुळे हायड्रोजनचे अणू आयनीभूत होतात.

हा वायू कल्पनेपलीकडे विरळ आहे. आकाशगंगेच्या चकतीत एका घन सेंटिमीटर जागेत सरासरी सुमारे ०.०३ मुक्त इलेक्ट्रॉन आढळतात. म्हणजे सुमारे ३३ घन सेंटिमीटर जागेत एक इलेक्ट्रॉन. पृथ्वीच्या कक्षेजवळ सूर्याकडून वाहत येणाऱ्या सौरवाऱ्यात हे प्रमाण घन सेंटिमीटरला सुमारे ५ ते १० इतके असते. पृथ्वीच्या वातावरणाच्या वरच्या भागातील आयनांबरात ते दिवसा दहा लाखांपर्यंत जाते. ताऱ्यांमधील वायू विरळ असला तरी लहरींना त्यातून हजारो प्रकाशवर्षे प्रवास करावा लागत असल्याने त्याचा एकत्रित परिणाम मोठा होतो.

विलंब कसा होतो?

रेडिओ लहर ही विद्युतचुंबकीय लहर असते. ती प्लाझ्मातून जाऊ लागली की तिच्या विद्युत क्षेत्रामुळे मुक्त इलेक्ट्रॉन हलू लागतात. प्रोटॉन इलेक्ट्रॉनच्या सुमारे १,८३६ पट जड असल्याने त्याची हालचाल नगण्य असते. हलणारे इलेक्ट्रॉन स्वतःही लहरी उत्सर्जित करतात आणि मूळ लहर व या नव्या लहरी एकमेकींत मिसळतात. परिणामी लहरींतून वाहून नेला जाणारा स्पंद, म्हणजेच संकेत, निर्वातातील प्रकाशवेगापेक्षा किंचित कमी वेगाने पुढे सरकतो.

हा वेग सर्व वारंवारतांसाठी सारखा नसतो. उच्च वारंवारतेच्या लहरी इतक्या झपाट्याने दिशा बदलतात की इलेक्ट्रॉनांना त्यांना पुरेसा प्रतिसाद देता येत नाही. त्यामुळे त्या जवळजवळ प्रकाशवेगानेच जातात. कमी वारंवारतेच्या लहरी अधिक रेंगाळतात. विलंब वारंवारतेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो. वारंवारता निम्मी केली, तर विलंब चौपट होतो. एकाच क्षणी निघालेल्या वेगवेगळ्या वारंवारतांच्या लहरी अशा रीतीने मागेपुढे पोहोचण्याच्या या क्रियेला अपस्करण म्हणतात. लोलकातून जाताना पांढऱ्या प्रकाशाचे रंग वेगळे होतात, त्याच जातीची ही क्रिया आहे. मात्र येथे रंग जागेत नव्हे, तर काळात वेगळे होतात.

विलंब किती होणार, हे वाटेत एकूण किती इलेक्ट्रॉन आहेत यावर ठरते. तारा आणि पृथ्वी यांच्या दरम्यान एक चौरस सेंटिमीटर छेदाची नळी कल्पिली, तर त्या नळीत सामावलेल्या इलेक्ट्रॉनांच्या संख्येवर विलंब अवलंबून असतो. खगोलशास्त्रज्ञ ही संख्या अपस्करण-मान या राशीने व्यक्त करतात. इलेक्ट्रॉनांची घनता आणि अंतर यांचा हा गुणाकार असून त्याचे एकक पार्सेक प्रति घन सेंटिमीटर हे आहे. एक पार्सेक म्हणजे सुमारे ३.२६ प्रकाशवर्षे.

एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. १,००० पार्सेक, म्हणजे सुमारे ३,२६० प्रकाशवर्षे अंतरावरील ताऱ्याचे अपस्करण-मान सुमारे ३० भरते. तेथून निघालेला स्पंद १ गिगाहर्ट्झ वारंवारतेवर निर्वातातील प्रकाशाच्या तुलनेत सुमारे ०.१२ सेकंद उशिरा पोहोचतो. तोच स्पंद ४०० मेगाहर्ट्झवर सुमारे ०.७८ सेकंद उशिरा पोहोचतो. तीन हजारांहून अधिक वर्षांच्या प्रवासात पडलेला हा सेकंदाहून कमी फरक सहज मोजता येतो, कारण त्यासाठी स्पंद केव्हा निघाला हे माहीत असण्याची गरज नसते. दोन वारंवारतांवर तो केव्हा आला, एवढे नोंदवले की पुरते.

पहिला पल्सार आणि पहिले अंतर

या परिणामाचे महत्त्व १९६७ मध्ये प्रकर्षाने पुढे आले. इंग्लंडमधील केंब्रिज येथे अँटनी ह्युईश यांच्या मार्गदर्शनाखाली सुमारे साडेचार एकर जागेवर २,०४८ द्विध्रुव अँटेनांची एक रेडिओ दुर्बीण उभारण्यात आली होती. सौरवाऱ्यातील प्लाझ्मामुळे दूरचे रेडिओ स्रोत कसे लुकलुकतात याचा अभ्यास करणे हा तिचा उद्देश होता. कागदाच्या पट्ट्यांवर उमटणाऱ्या आलेखांची तपासणी करताना जोसेलिन बेल या संशोधक विद्यार्थिनीला एक वेगळाच संकेत आढळला. तो दर १.३३७ सेकंदांनी अचूक पुनरावृत्त होत होता.

हा संकेत पृथ्वीवरील एखाद्या यंत्राचा नाही, हे कशावरून ठरवायचे, हा प्रश्न होता. तो ताऱ्यांबरोबर दररोज सुमारे चार मिनिटे लवकर उगवत होता, हे एक उत्तर होते. त्याला अपस्करण होते, हे दुसरे उत्तर. ८१.५ मेगाहर्ट्झच्या आसपास केवळ १ मेगाहर्ट्झ रुंदीच्या पट्ट्यातही स्पंदाची वरची कड आणि खालची कड यांच्यात सुमारे एक पंचमांश सेकंदाचा फरक पडत होता. त्याअर्थी संकेताने बराच आयनीभूत वायू ओलांडला होता. फेब्रुवारी १९६८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात याच फरकावरून स्रोताचे अंतर सुमारे ६५ पार्सेक असल्याचा अंदाज देण्यात आला. त्यासाठी इलेक्ट्रॉनांची जी घनता गृहीत धरली होती, ती प्रत्यक्षाहून अधिक असल्याचे पुढे दिसून आले. त्यामुळे अंदाज कमी निघाला होता, पण स्रोत सूर्यमालेबाहेर आणि आकाशगंगेच्या आत आहे, हा निष्कर्ष बरोबर ठरला.

असे स्रोत म्हणजे वेगाने फिरणारे न्यूट्रॉन तारे असल्याचे लवकरच सिद्ध झाले. त्यांना पल्सार म्हणतात. ज्या पल्सारचे अंतर अन्य मार्गांनी ठाऊक आहे, त्यांच्या अपस्करण-मानावरून आकाशगंगेतील इलेक्ट्रॉनांच्या वाटणीचे नकाशे तयार करण्यात आले आणि त्या नकाशांवरून उरलेल्या पल्सारची अंतरे काढली जातात.

विलंब वजा करण्याच्या पद्धती

विलंब दुरुस्त केला नाही तर काय होते, हे खेकडा तेजोमेघातील पल्सारवरून समजते. हा पल्सार सुमारे ३३ मिलिसेकंदांत एक फेरी पूर्ण करतो आणि त्याचे अपस्करण-मान सुमारे ५७ आहे. २५० ते ५०० मेगाहर्ट्झ या पट्ट्यात त्याचे निरीक्षण केले, तर वरच्या आणि खालच्या टोकांच्या विलंबात सुमारे २.८ सेकंदांचा फरक पडतो. एवढ्या वेळात पल्सारच्या ऐंशीहून अधिक फेऱ्या होतात. संपूर्ण पट्ट्यातील ऊर्जा तशीच एकत्र केली, तर सर्व स्पंद एकमेकांत मिसळून जातात आणि पल्सार दिसेनासा होतो.

यावरील साधा उपाय म्हणजे पट्ट्याचे शेकडो किंवा हजारो अरुंद भाग करणे. प्रत्येक भागातील नोंद त्याच्या विलंबाइतकी मागे सरकवली जाते आणि मग सर्व भागांची बेरीज केली जाते. मात्र अरुंद भागाच्या आतही थोडे अपस्करण उरतेच. हा दोष दूर करणारी पद्धत अमेरिकी शास्त्रज्ञ टिमोथी हँकिन्स यांनी १९७० च्या दशकाच्या प्रारंभी विकसित केली. तिच्यात केवळ तीव्रता न नोंदवता प्रत्यक्ष लहरीची नोंद केली जाते आणि वायूने लहरीवर केलेल्या क्रियेच्या नेमकी उलट क्रिया संगणकावर केली जाते. त्यामुळे स्पंद जवळजवळ मूळ रूपात परत मिळतो.

नव्या पल्सारच्या शोधात अपस्करण-मान आधी ठाऊक नसते. त्यामुळे हजारो संभाव्य मूल्ये एकामागून एक लावून पाहावी लागतात. योग्य मूल्याला स्पंद ठळक होतो, तर चुकीच्या मूल्याला तो पुसट होतो. ज्या संकेताचे अपस्करण-मान शून्य निघते, तो बहुधा पृथ्वीवरील यंत्राचा म्हणून बाजूला काढला जातो.

विखुरणे आणि लुकलुकणे

ताऱ्यांमधील वायू सर्वत्र सारखा पसरलेला नाही. त्यात दाट-विरळ असे असंख्य पुंजके आणि भोवरे आहेत. त्यांतून जाताना लहरी किंचित वळतात आणि वेगवेगळ्या वाटांनी पृथ्वीवर पोहोचतात. वाकड्या वाटेने आलेल्या लहरींना उशीर होतो. त्यामुळे टोकदार स्पंदाला मागे लांब शेपटी येते. या क्रियेला प्रकीर्णन म्हणतात. शेपटीची लांबी वारंवारतेच्या सुमारे चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात वाढते. वारंवारता निम्मी केली की ती सोळापट किंवा त्याहून थोडी अधिक होते.

अपस्करण गणिताने बऱ्याच अंशी दूर करता येते. प्रकीर्णनाचे तसे नाही. लहरी नेमक्या कोणत्या वाटांनी आल्या, हे ठाऊक नसल्याने ती क्रिया पूर्णपणे उलटवणे अवघड असते. म्हणूनच दाट वायूमागील पल्सार शोधण्यासाठी उच्च वारंवारतेचा आश्रय घ्यावा लागतो. पण बहुतेक पल्सार उच्च वारंवारतेवर मंद असतात. त्यामुळे प्रत्येक निरीक्षणात या दोन गोष्टींचा तोल सांभाळावा लागतो.

निरनिराळ्या वाटांनी आलेल्या लहरी एकमेकींत मिसळल्यामुळे स्रोताची तीव्रताही कमी-जास्त होत राहते. वातावरणामुळे तारे लुकलुकतात पण ग्रह सहसा लुकलुकत नाहीत, कारण ग्रहाचे बिंब मोठे दिसते. हाच नियम रेडिओ स्रोतांनाही लागू पडतो. १९९७ मध्ये एका गॅमा किरण स्फोटानंतर उरलेले रेडिओ तेज आरंभी जोराने लुकलुकत होते आणि काही आठवड्यांत ते शांत झाले. याचा अर्थ स्रोत या काळात फुगत गेला होता. कोणत्याही दुर्बिणीला ज्याचा आकार थेट दिसला नसता, त्याचा विस्तार वायूमुळे झालेल्या लुकलुकीवरून मोजता आला.

आकाशगंगेच्या केंद्राची दिशा

प्रकीर्णनाचा प्रभाव आकाशगंगेच्या केंद्राच्या दिशेला फार तीव्र आहे. तेथील महाकाय कृष्णविवराभोवतीचा रेडिओ स्रोत लांब तरंगलांबीवर धूसर दिसतो. हा धूसरपणा तरंगलांबीच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. तरंगलांबी दहापट कमी केली, तर तो सुमारे शंभरपट कमी होतो. मे २०२२ मध्ये या कृष्णविवराची पहिली प्रतिमा प्रसिद्ध झाली. ती १.३ मिलिमीटर इतक्या लहान तरंगलांबीवर घेण्यात आली होती, त्याचे एक महत्त्वाचे कारण हेच होते. तेथेही उरलेल्या धूसरपणाचा विचार प्रतिमा तयार करताना करावा लागला.

एप्रिल २०१३ मध्ये याच कृष्णविवराजवळ प्रबळ चुंबकीय क्षेत्र असलेला एक न्यूट्रॉन तारा आढळला. त्याचे अपस्करण-मान सुमारे १,७७८ इतके मोठे आहे. मात्र त्याच्या स्पंदांची शेपटी अपेक्षेपेक्षा बरीच लहान निघाली. केंद्राजवळ पल्सार जवळजवळ सापडत नाहीत, याचे कारण केवळ प्रकीर्णन असल्याचे तोवर मानले जात होते. या निरीक्षणानंतर ते स्पष्टीकरण अपुरे ठरले. कृष्णविवराभोवती फिरणारा एखादा पल्सार सापडला, तर सापेक्षता सिद्धान्ताची अत्यंत कठोर परीक्षा घेता येईल. त्यामुळे हा प्रश्न महत्त्वाचा मानला जातो.

चुंबकीय क्षेत्राची मोजणी

प्लाझ्मात चुंबकीय क्षेत्र असेल, तर ध्रुवित रेडिओ लहरीच्या कंपनाचे प्रतल प्रवासात हळूहळू फिरते. मायकेल फॅरेडे यांनी १८४५ मध्ये काचेतून जाणाऱ्या प्रकाशाबाबत हा परिणाम शोधून काढला. अवकाशात हे फिरणे तरंगलांबीच्या वर्गाच्या प्रमाणात असते. ते इलेक्ट्रॉनांची संख्या आणि चुंबकीय क्षेत्र या दोहोंवर अवलंबून असते. अपस्करणावरून इलेक्ट्रॉनांची संख्या स्वतंत्रपणे मिळते. दोन्हींचा भागाकार केला की वाटेतील सरासरी चुंबकीय क्षेत्र कळते. आकाशगंगेचे चुंबकीय क्षेत्र काही मायक्रोगॉस, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या सुमारे एक लाखांश इतके क्षीण आहे, हे ज्या मार्गांनी समजले त्यांतील हा एक प्रमुख मार्ग आहे.

आयनांबर : पृथ्वीजवळचा पडदा

दूरच्या प्रवासानंतर लहरींना शेवटी पृथ्वीचे आयनांबर ओलांडावे लागते. प्रत्येक प्लाझ्माची एक किमान वारंवारता असते आणि तिच्याहून कमी वारंवारतेच्या लहरी त्यातून आरपार जाऊ शकत नाहीत. ताऱ्यांमधील विरळ वायूसाठी ही मर्यादा केवळ दीड किलोहर्ट्झच्या आसपास आहे. आयनांबरासाठी ती दिवसा सुमारे १० मेगाहर्ट्झपर्यंत जाते. लघुलहरींवरील आकाशवाणीचे कार्यक्रम हजारो किलोमीटर दूर ऐकू जात, ते आयनांबर या लहरींना पृथ्वीकडे परत पाठवते म्हणूनच. जो पडदा जमिनीवरील लहरींना बाहेर जाऊ देत नाही, तोच अवकाशातील तशा लहरींना आत येऊ देत नाही. त्यामुळे अतिशय कमी वारंवारतेच्या रेडिओ खगोलशास्त्रासाठी अवकाशयाने पाठवावी लागतात. अमेरिकेने १९७३ मध्ये असे एक यान चंद्राभोवतीच्या कक्षेत पाठवले होते.

भारताच्या दृष्टीने आयनांबराला विशेष महत्त्व आहे. भूचुंबकीय विषुववृत्त देशाच्या दक्षिण टोकाजवळून जाते. १९६३ मध्ये अग्निबाण प्रक्षेपणासाठी केरळमधील थुंबा या गावाची निवड होण्याचे कारण तेच होते. या पट्ट्यात आयनांबर अधिक चंचल असते आणि सूर्यास्तानंतर त्यात अनेकदा खळबळ माजते. खोडद येथील दुर्बिणीसाठी जागा निवडताना रेडिओ गोंगाट कमी असावा याबरोबरच हाही विचार झाला होता. जागा भूचुंबकीय विषुववृत्तापासून पुरेशी उत्तरेला असावी, म्हणजे आयनांबर तुलनेने शांत मिळेल, आणि तरीही तेथून दक्षिण आकाशाचा बराच भाग दिसावा, असा निकष होता.

हा परिणाम दैनंदिन व्यवहारातही जाणवतो. उपग्रहांच्या आधारे स्थान ठरवणाऱ्या यंत्रणांच्या संकेतांना आयनांबरात विलंब होतो आणि त्यामुळे स्थानात काही मीटरपासून दहा-पंधरा मीटरपर्यंत, प्रसंगी त्याहून अधिक चूक संभवते. त्यावरील उपाय खगोलशास्त्रातील उपायासारखाच आहे. दोन वारंवारतांवर संकेत घ्यायचा आणि फरकावरून विलंब काढायचा. भारताच्या नाविक यंत्रणेत मूळ रचनेपासूनच दोन वारंवारता योजण्यात आल्या आहेत. विमान वाहतुकीसाठीची गगन ही यंत्रणाही आयनांबरातील विलंबाच्या दुरुस्त्या उपग्रहाद्वारे विमानांना पुरवते.

सौरवाऱ्याचे निरीक्षण

सौरवारा हाही आयनीभूत वायूच आहे. तमिळनाडूतील उटी येथे गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभारलेली ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद रेडिओ दुर्बीण १९७० मध्ये कार्यान्वित झाली. ज्या डोंगरउतारावर ती उभी आहे, त्याचा कल त्या ठिकाणच्या अक्षांशाइतकाच, सुमारे ११ अंश आहे. त्यामुळे दुर्बिणीचा अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर राहतो. दूरच्या स्रोतांच्या लुकलुकीवरून सौरवाऱ्याचा वेग आणि त्यातील खळबळ मोजण्याचे काम या दुर्बिणीने अनेक वर्षे केले आहे. सूर्यावरील उद्रेकातून निघालेले प्लाझ्माचे ढग पृथ्वीच्या दिशेने येत असल्यास वाटेतच त्यांचा मागोवा घेणे या पद्धतीने शक्य होते. असे ढग पृथ्वीवर आदळले, तर उपग्रह आणि वीजवाहिन्या यांना धोका पोहोचू शकतो.

जलद रेडिओ स्फोट आणि न सापडणारे द्रव्य

२००७ मध्ये डंकन लोरिमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलियातील पार्क्स दुर्बिणीच्या २००१ मधील नोंदींत काही मिलिसेकंद टिकलेला एक तीव्र स्पंद आढळल्याचे जाहीर केले. त्याचे अपस्करण-मान सुमारे ३७५ होते. त्या दिशेला आकाशगंगेतील वायू याचा फार थोडा भाग भरून काढू शकत होता. उरलेला विलंब आकाशगंगेबाहेरील वायूमुळे झाला असला पाहिजे, असा याचा अर्थ होता. अशा घटनांना जलद रेडिओ स्फोट म्हणतात.

या निष्कर्षावर अनेक वर्षे शंका घेतली जात होती. पार्क्स येथेच अपस्करणासारखाच आकार असलेले, पण पृथ्वीवरून येत असल्याची लक्षणे दाखवणारे काही संकेत नोंदले गेले होते. २०१५ मध्ये त्यांचा उलगडा झाला. वेधशाळेच्या परिसरातील मायक्रोवेव्ह ओव्हनचे दार तो बंद होण्याआधीच उघडले गेले की असे संकेत निर्माण होत होते. लोरिमर यांचा स्पंद मात्र या प्रकारात मोडत नाही, हेही त्याच अभ्यासात दाखवून देण्यात आले. २०१७ मध्ये वारंवार स्फोट होणाऱ्या एका स्रोताचे स्थान सुमारे तीन अब्ज प्रकाशवर्षे दूरच्या एका लहान दीर्घिकेत निश्चित झाले आणि हे स्फोट आकाशगंगेबाहेरून येतात, याबद्दल शंका उरली नाही.

यातून एका जुन्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. विश्वातील सामान्य द्रव्याचे एकूण प्रमाण महास्फोटाच्या अभ्यासावरून ठाऊक होते. पण तारे, दीर्घिका आणि ज्ञात वायू यांची बेरीज केली असता त्याचा मोठा भाग सापडत नव्हता. तो दीर्घिकांच्या दरम्यान अतिविरळ आयनीभूत वायूच्या रूपात असावा, असा तर्क होता. असा वायू जवळजवळ प्रकाश देत नाही, पण त्यातील प्रत्येक इलेक्ट्रॉन रेडिओ लहरींना विलंब लावतो. २०२० मध्ये ज्याँ-पियर मॅकार आणि सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलियातील दुर्बीण-समूहाच्या साहाय्याने, ज्यांच्या दीर्घिका निश्चित झाल्या आहेत अशा मोजक्या स्फोटांचे अपस्करण तपासले. अंतर वाढते तसे अपस्करणही अपेक्षित प्रमाणात वाढत असल्याचे त्यांना आढळले. न सापडणारे द्रव्य त्याच जागी होते.

गुरुत्वीय लहरींच्या शोधातील कसोटी

सेकंदाला शेकडो फेऱ्या मारणारे काही पल्सार अणुघड्याळांच्या तोडीचे नियमित असतात. महाकाय कृष्णविवरांच्या जोड्यांमुळे निर्माण होणाऱ्या, काही वर्षांचा आवर्तनकाळ असलेल्या गुरुत्वीय लहरी पृथ्वीवरून गेल्या, तर या पल्सारच्या स्पंदांच्या आगमनवेळा किंचित बदलतात. हा बदल १०० नॅनोसेकंदांच्या, म्हणजे सेकंदाच्या एक कोट्यंशाच्या आसपास असतो.

येथे वायूचा प्रश्न निर्णायक ठरतो. पल्सार, पृथ्वी आणि वायू हे तिन्ही गतिमान असल्याने पल्सारचे अपस्करण-मान वर्षानुवर्षे थोडे बदलत राहते. ते मोजण्यात ०.०००१ एवढी चूक झाली, तर १.४ गिगाहर्ट्झवर आगमनवेळेत सुमारे २०० नॅनोसेकंदांची चूक होते. एखाद्या पल्सारचे अपस्करण-मान १० असेल, तर ही चूक एक लाखांश भागाची आहे. तरीही ती शोधावयाच्या परिणामाच्या दुप्पट भरते. वायूतील संथ बदल गुरुत्वीय लहर समजला जाण्याचा धोका त्यामुळे खरा आहे.

दोन गोष्टींमुळे हा भेद करता येतो. वायूमुळे होणारा विलंब वारंवारतेनुसार बदलतो, तर गुरुत्वीय लहरींमुळे होणारा बदल सर्व वारंवारतांवर सारखा असतो. शिवाय गुरुत्वीय लहरींमुळे वेगवेगळ्या पल्सारमधील बदलांत, त्यांच्यातील कोनानुसार, ठरावीक संबंध दिसतो. रोनाल्ड हेलिंग्ज आणि जॉर्ज डाउन्स यांनी १९८३ मध्ये तो वर्तवला होता. प्रत्येक पल्सारच्या वाटेवरील वायू मात्र वेगळा असतो. सौरवारा हा याला अपवाद आहे, कारण त्याचा परिणाम एकाच वेळी अनेक पल्सारवर होतो. म्हणून त्याचा हिशेब स्वतंत्रपणे ठेवावा लागतो.

कमी वारंवारतेच्या निरीक्षणांचे मोल येथे लक्षात येते. ४०० मेगाहर्ट्झवर वायूमुळे होणारा विलंब १.४ गिगाहर्ट्झच्या सुमारे बारापट असतो, म्हणून तो तितकाच बारकाईने मोजता येतो. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राने उभारलेल्या खोडद येथील दुर्बिणीत प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत आणि त्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या आहेत. भारतीय पल्सार टायमिंग ॲरे या गटातील भारतीय आणि जपानी शास्त्रज्ञ या तबकड्यांचे गट करून एकाच वेळी ३०० ते ५०० आणि १,२६० ते १,४६० मेगाहर्ट्झ या दोन पट्ट्यांत निरीक्षणे घेतात. या गटाने २०२२ मध्ये १४ पल्सारची साडेतीन वर्षांची निरीक्षणे प्रसिद्ध केली. २०२३ च्या घोषणेत युरोपातील गटाच्या सुमारे २५ वर्षांच्या नोंदींना भारतीय निरीक्षणांची जोड देण्यात आली होती. त्या वेळी शास्त्रज्ञांनी जे मांडले तो पुरावा होता. निर्विवाद शोध म्हणण्यासाठी लागणारी संख्याशास्त्रीय खात्री तेव्हा मिळालेली नव्हती. ती मिळवण्यासाठी अधिक निरीक्षणांइतकेच वायूचे अधिक अचूक मोजमापही आवश्यक आहे.

पुढील दिशा

ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिका येथे उभारण्यात येत असलेल्या स्क्वेअर किलोमीटर ॲरे या आंतरराष्ट्रीय प्रकल्पात भारत सहभागी आहे. भारत सरकारने त्यासाठी १,२५० कोटी रुपयांच्या खर्चाला मंजुरी दिली आहे. आराखड्यानुसार ऑस्ट्रेलियातील भाग ५० ते ३५० मेगाहर्ट्झ या कमी वारंवारतांवर काम करील आणि त्यात १ लाख ३१ हजारांहून अधिक लहान अँटेना असतील. वायूचा प्रभाव याच वारंवारतांवर सर्वाधिक असतो. त्यामुळे तेथील प्रत्येक निरीक्षणाआधी आयनांबराची दुरुस्ती करावी लागेल. मात्र वाटेतील वायूचे सूक्ष्म मोजमापही याच पट्ट्यात होऊ शकेल आणि उच्च वारंवारतांवर नोंदलेल्या स्पंदांच्या वेळा त्याच्या आधारे दुरुस्त करता येतील.